पाण्याखाली जोडलेले हात

९ ऑगस्ट १९८७, रविवार
सापडलं! जहाजाच्या दोन डोलकाठ्यांपैकी एक अजून उभी. लेक मिशिगनच्या तळाशी शंभर वर्षं – आणि उभी! गावच्या विहिरीत मुटके मारत वाढलेला मी, एकोणपन्नासाव्या वर्षी तिच्यासमोर. हात आपोआप जोडले गेले, देवळात शिरताना जोडले जातात तसे.

माझ्या जोडीला उतरलेल्या वॉल्टला वाटलं, मला काहीतरी होतंय! दंड धरून त्याने मला वर आणलं. मोजमाप राहिलं ते राहिलंच. बोटीवर ओरडला, "एकनाथ, हा कुठला सिग्नल?" म्हटलं, नमस्कार. "पण कुणाला?"

१० ऑगस्ट
फोनवर सुलेखा हसत सुटली. "बाबा! यू प्रेड टू अ बोट?" सुलभाने माझ्या हातातला रिसीव्हर ओढून घेतला – "हसतेस काय गं! दसऱ्याला तुझ्या टोयोटाला हार कोण घालतं?"

१६ ऑगस्ट
वॉल्टची अट – खाली हात फक्त दोरीवर नाहीतर टेपवर. मान्य. आता जहाजाचं नाव शोधायचं. नावाशिवाय ते नकाशावरचा नुसता ठिपका. आम्हा हौशी डायव्हर मंडळींचा नियम एकच – मोजा, चित्र काढा, फोटो घ्या. खिळासुद्धा वर आणायचा नाही.

३० ऑगस्ट
नाव मिळालं!! मागच्या फळीवरचा गाळ तळहाताने हळूच सारला, आणि कोरलेली अक्षरं एकेक करून वर आली – हॅना बेल. पाण्याखाली लिहायच्या पाटीवर ती उतरवली. या वेळी हात जोडले नाहीत! वर आल्यावर वॉल्टने पाठीत धपाटा घातला. "तू वाचलंस, नकाशावर सही तुझी."

सही केली. मराठीत. देवाची कृपा.

६ सप्टेंबर
कान सुजलाय. डॉक्टर म्हणाले, या सीझनला पाणी बंद. केबिन तेवढी मोजायची राहिली. वॉल्ट दुसऱ्या कुणाला घेऊन उतरेल.

१३ सप्टेंबर
डेव्हन रस्त्यावरच्या भारतीय दुकानातून पेढे आणले. पुढच्या रविवारी शेवटची डाइव्ह, बोटीवर वाटायचे. सुलभा म्हणाली, "अहो, पितृपक्षात कसले पेढे?" म्हटलं, आनंद काय पंचांग बघून येतो?

२० सप्टेंबर
वॉल्ट वर आला. बोटीत चढेना, मास्क काढेना. पाण्यातूनच माझ्याकडे बघत त्याने हात जोडले.

केबिनमध्ये बूट आहेत. बुटांत हाडं.

पेढ्यांचा डबा तसाच परत आणला. सुलभाने देव्हाऱ्यापाशी तर्पणाचे तीळ काढून ठेवलेत.