खारी कुणाची

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

बरे आहेत का सगळे? – विचारणारी मीच आणि सांगणारी पण मीच.

उदयसिंह? – पाठ जरा बरी. लग्नसराई लागली की परत धरेल. लेकाला किती सांगितलं, नवरदेव उचलून घोड्यावर बसवू नकोस, त्याच्या मामाला उचलू दे! सूनबाई संयोगिता? – खोकला थांबला. माझा अडुळशाचा काढा नको म्हणाली आणि गोळी घेतली. थांबला ना, मग झालं. नात सृष्टी? – मनगटाची सूज उतरली. सकाळी पट्टी सोडली आणि सोडल्या सोडल्या खोगीर उचललं! माझे गुडघे? – आहेत जागेवर.

आता पागेतले. म्हातारी सोनकी? – मागचा पाय लंगडा तो लंगडाच, पण चंदीचा दाणा संपवते. नवाब? – हलगी लागली की वरातीत झकास नाचतो आणि डीजे लागला की नवरदेवाला घेऊन घराकडं फिरतो. आणि खारी? सोनकीची लेक. तिला काय धाड भरलीय! सहा वर्षांची झाली, पाठीवरून खारीसारखा काळा पट्टा, आणि सृष्टीनं शीळ घातली की रानातून धावत येते.

सोळा नोव्हेंबरला सांगलीकडं घोड्यांची चाळीस किलोमीटरची दौड आहे. सृष्टी खारीवरून जाणार. पहिलं यायचं नसतं म्हणे. शेवटी डॉक्टर घोड्याची छाती तपासतात, घोडं दमलेलं नको. यात नीट पार पडली तर घोडेस्वारीच्या मोठ्या शाळेत निवड होईल, घोडीसकट. दोन वर्षं झाली, पोरीच्या तोंडात दुसरा विषय नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

खारीला नवे नाल मारले. नालबंद म्हणाला, "खूर बघा की, दगड हाय दगड!" आमचे हे असते तर दोनदा वाजवून बघितले असते. पलटणीत खेचरांना नाल मारून मारून त्यांचा कान तयार झाला होता.

१२ ऑक्टोबर, रविवार

उदय फलटणच्या बाजारात गेला होता. कुणीतरी सांगितलं, गुंडा मेंढरं घेऊन यंदा दिवाळी झाल्या झाल्या निघतोय.

ताट अर्धं टाकून वही काढली.

लिहावंच आता. पाच वर्षं पोटात ठेवलंय, कागदावर पण कधी उतरवलं नाही.

गुंडा धनगर. दरवर्षी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोयनेच्या घाटानं खाली कोकणात उतरतो आणि पावसाच्या आधी वर येतो. जाताना दोन-तीन रात्री मेंढरं आमच्या रानात बसतात. आम्हाला खत, त्यांना ज्वारी. यांचा आणि त्याचा लय जीव. आठ वर्षांपूर्वी त्याच्या सोनकीचा पाय मोडला. बिऱ्हाड पाठीवर घेऊन घाट उतरणं तिच्यानं होणार नव्हतं. हे म्हणाले, "ठेव हितं, मी बरी करतो." तेव्हा ठरलं तसं, जसं सगळीकडं ठरतं – जनावर त्याचं, सांभाळणार आम्ही. पहिलं शिंगरू त्याचं, दुसरं आमचं.

पहिलं झालं ते तिसऱ्या दिवशी गेलं. पुढच्या वर्षी श्रावणात खारी झाली.

आता रीत काय आहे? दूध तुटेपर्यंत जगलं तरच शिंगरू मोजायचं. त्याच्या आधी गेलं ते कुणाचंच नाही. म्हणजे खारी पहिली. म्हणजे खारी गुंडाची. हे यांना माहीत होतं, मला माहीत होतं. हे म्हणायचे, "जरा मोठी होऊ दे, मी स्वतः नेऊन देतो." आणि पुढच्या वर्षी कार्तिकात हेच गेले.

गुंडा भेटायला आला तेव्हा घरात दहावा पण झाला नव्हता. अकरा वर्षांची सृष्टी दिवसभर शिंगराच्या गळ्यात हात घालून बसायची. तिथंच जेवायची, तिथंच झोपायची. गुंडानं नुसतं विचारलं, "सोनकीचं काय, वैनी?" आणि मी म्हणाले – "पहिलं तुझं होतं भावा, ते गेलं. हे दुसरं, आमचं."

तो म्हणाला, "बरं हाय." इतकंच.

नंतर सोनकी फळली नाही. म्हणजे घोडी दिली त्यानं आणि हाती आलं काय? काही नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आज सांगायचंच म्हणून पागेत गेले. सृष्टी खोगिराला तेल चोळत बसली होती.

म्हटलं, "सृष्टे, एक बोलायचंय."

"आज्जे, गूळ तू खाल्लास का?"

"कसला गूळ?"

"खारीसाठी ठेवलेला. डबी रिकामी हाय."

"मला साखर हाय बाई, मी कशाला गूळ खाऊ?"

"म्हणूनच चोरून खाल्लास!" आणि हसत सुटली. खारीनं पण मान खाली-वर केली, जणू साक्ष देते!

मग मीही हसले. गूळ खरंच मी खाल्ला होता, तेवढं कबूल केलं. दुसरं राहिलं.

२२ ऑक्टोबर, पाडवा

सकाळी घोड्यांना खरारा केला, हळद-कुंकू लावलं, गळ्यात झेंडू. नवाबानं स्वतःची माळ खाल्ली आणि मग सोनकीची. उदय म्हणाला, "हा माझ्यासारखाच, बायकोच्या ताटातलं पण खातो." संयोगिता म्हणाली, "तो निदान नाचून कमावतो."

ओवाळताना खारीपाशी हात थांबला. ती नाकानं माझा पदर हुंगत होती. तिला काय ठाऊक.

२६ ऑक्टोबर, रविवार

आले.

दुपारी रस्त्यावर धूळ दिसली, मग कुत्री, मग मेंढरं, मग भामाबाई – गुंडाची बायको. डोक्यावर एवढं गाठोडं, काखेत कोंबडी. मागं एक बारकं तट्टू, अंगाच्या दुप्पट ओझं. पातेली, मेंढरं कोंडायची वाघर, पाण्याचा कॅन, आणि वर पिशवीतून डोकं बाहेर काढलेली दोन कोकरं.

उदयनं विचारलं, "तुमची मोठी घोडी कुठाय, आबा?"

"भादव्यात गेली, पोटफुगीनं." गुंडा बसता बसता म्हणाला. "ह्ये मेव्हण्याचं तट्टू. घाटाच्या तोंडापर्यंत दिलंय. त्याचं बी बिऱ्हाड मागनं येतंय, तितं त्याला परत लागणार."

"आणि मग घाट?"

"मग काय, भामी हाय की!"

भामाबाईनं लगेच उत्तर दिलं, "व्हय, मला बी नाल मारा म्हणावं!"

सगळे हसले. मी चहा ठेवायला आत गेले.

बाहेर आले तर खारी कुंपणापाशी येऊन गुंडाचं घोंगडं हुंगत होती. त्यानं तिच्या पाठीवरच्या पट्ट्यावरून एक बोट फिरवलं, मानेपासून शेपटापर्यंत. सृष्टी दौडीचं सगळं सांगत होती, किती पल्ला, किती वेळ, छाती कशी तपासतात. तो मन लावून ऐकत होता. "लय झ्याक. चढाला दम जपायचा, उताराला लगाम सैल." आणि मग माझी पोर म्हणाली, "गुंडाआबा, तुमचं ते पहिलं शिंगरू जगायला पाहिजे होतं. खारीची बहीण असती."

गुंडानं माझ्याकडं बघितलं. पापणी लवेपर्यंत. मग तिला म्हणाला, "आमचंच नशीब पातळ, बाय."

मी चहा खाली ठेवला आणि साखरेच्या निमित्तानं परत आत गेले.

२७ ऑक्टोबर, सोमवार

मेंढरं वरच्या तुकड्यात बसली आहेत. भाकरी घेऊन गेले. भामाबाई तीन दगडांवर कालवण शिजवत होती. मी शेजारी बसले. तीच बोलली.

"वैनी, तुमी सारखं खाली का बघतायसा?"

तिनं लाकूड आत सारलं.

"आमाला ठावं हाय. तवा बी ठावं हुतं. पर घरात मयत झालेली. शिंगरापायी भांडायचं व्हय?"

"मग पुढच्या वर्षी तरी—"

"फुडल्या वर्षी तुमची पोरगी तिच्यावर बसाय लागली. त्येनं येऊन बगितलं, मला म्हणला, भामे, पोरगी त्या घोडीवर अशी बसतीया, आता इचारू नगंस. आमी इचारलं न्हाई. आता बी इचारणार न्हाई."

"आणि घाट कसा उतरायचा?"

"उतरू की. दोन फेऱ्या करायच्या. धा वरसांची असताना केल्याती."

आता ती पासष्टची आहे. कमरेला पट्टा बांधलाय, लुगड्याखालून दिसतो. म्हणाली, "डाक्टरनं दिलाय, झ्याक हाय, वज्जं उचलाय बरा पडतो!"

शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

२९ ऑक्टोबर, बुधवार

पहाटे निघाले. दहा-बारा दिवसांत घाटाच्या तोंडाशी जातील. मी दीड पायली ज्वारी जास्त घातली. भामाबाईनं पिशवी उचलून बघितली, आणि जास्तीची तेवढी परत आमच्या सुपात ओतली. "ठरलंय तेवढंच घ्यायचं, वैनी." दुसरं काही बोलली नाही.

दुपारी काहीच केलं नाही. कोथिंबीर निवडायला घेतली ती निवडतच बसले.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

उदय आणि संयोगिताला सांगितलं. सगळं. सृष्टी क्लासला गेल्यावर.

उदय म्हणाला, "आई, आपण त्यांना दुसरं तट्टू घेऊन देऊ. चांगलं. खारी राहू दे."

हे मलाही सुचलं होतं. काल फोनवर गुंडाला तेच म्हटलं होतं. तो हसला. "वैनी, इकत घ्यायचं आसतं तर आमी बी घेतलं आसतं उधार-उसनवार करून. ज्येनं मेंढरात चार दिस काढल्यात न्हाईत त्ये जनावर घाटात गाडीला बुजतं. वरनं गाडी आली की बिऱ्हाडासकट दरीत." खारी बुजत नाही. सोनकीची आहे. कुत्री, मेंढरं, ट्रॅक्टर, नवाबाचा डीजे – कशालाच बुजत नाही.

संयोगिता म्हणाली, "दौड सोळा तारखेला आहे. पोरीची दोन वर्षं."

म्हटलं, "माहीत आहे."

"निदान दौड होईपर्यंत—"

"तोवर भामाबाईच्या दोन फेऱ्या झालेल्या असतील."

मग संयोगिताच म्हणाली, "ती माझी मुलगी आहे, पण हे मी नाही सांगणार. खोटं तुम्ही बोललात, आई."

बरोबर बोलली. राग नाही आला. सून अशीच असावी, तोंडावर बोलणारी.

१ नोव्हेंबर, शनिवार

सृष्टी आज खारीवरून पंचवीस किलोमीटर जाऊन आली. येऊन माझा हात धरून खारीच्या छातीवर ठेवला. "मोज आज्जे, मोज! दहा मिनिटांत ठोके खाली आले!" मला कुठलं मोजता येतंय. गरम, ओली छाती, आतून सावकाश धक्के. म्हटलं, "छान." सांगायला तोंड उघडलं, आणि विचारलं काय तर – "भाकरी वाढू का?"

धुणं वाळत घालताना, देवापुढं, गोठ्यात, पागेत – आज चार वेळा ठरवलं आणि चारही वेळा जीभ टाळ्याला चिकटली. पाच वर्षांपूर्वी खोटं बोलताना नाही चिकटली!

२ नोव्हेंबर, रविवार

गुंडाला फोन केला. साताऱ्याच्या अलीकडं आहेत. म्हटलं, गुरुवारी उंब्रजपाशी थांब, खारी पाठवते. तो म्हणाला, "पोरीला इचारलंसा?"

म्हटलं, तिला विचारण्यासारखं यात काही नाही. पण सांगायचंय.

"मग सांगून घ्या आदी. न्हाईतर मी दावं हातात घेणार न्हाई."

३ नोव्हेंबर, सोमवार

सृष्टी, बाळ,

ही वही तुझ्या खोगिरावर ठेवतेय. पहिल्या पानापासून वाच. मला तोंडानं सांगता येईना. खारी गुंडाची आहे, पहिल्यापासून. गुरुवारी सकाळी टेम्पो येईल. तू बरोबर येशील की नाही ते तुझं, पण खारी जाईल. दौड तुझ्या आज्जीनं बुडवली, गुंडाआबानं नाही. त्याच्यावर रागावू नकोस.

माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस. खाली पान कोरं सोडलंय. शिवी असली तरी चालेल. पण लिही गं, लवकर लिही.