तिसऱ्या टेकमधलं वाक्य

शिरपूर जैन,
दि. ८ डिसेंबर २०२४

प्रिय वैजू,

सप्रेम नमस्कार. हे वाचून तू हसशील, पण कागदावर लिहायचं तर रीतीनंच सुरुवात करावी म्हटलं. आम्ही सगळे ठीक. सोयाबीन निघालं, तूर शेतात उभी आहे. थंडी अशी की सकाळी भांड्यात हात घालवत नाही. मंदिराला येणाऱ्यांच्या बसेस वाढल्यात, त्यामुळे ह्यांना चहाच्या दुकानातून उसंत नाही. पुण्यात तुझं जेवणाचं नीट चाललंय ना? नाहीतर कॅमेरा हातात आला की तू उपाशी राहणार, मला ठाऊक आहे.

मेसेजला उत्तर दिलं नाही म्हणून तू रागावलीस. फोन माझ्या एकटीचा नाही गं, घराचा आहे. तुझा मेसेज माझ्या आधी ह्यांनी वाचला आणि सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवला. स्पर्धेला सिनेमा पाठवायचाय, पहिल्या दृश्यातलं माझं वाक्य काढून टाकतेस, चालेल का, असं तू विचारलंस. सासूबाईंना तुझा विचार फार पटला. मला कोणी विचारलं नाही, म्हणून हे पत्र. हुस्नाबानो चाची माझे ब्लाउज शिवते, तिचा नवरा वाशीमला जाऊन पोस्टात टाकेल.

तुझं म्हणणं मला कळतं. शहबाज सर दर शनिवारी कॉलेजात वयात येणाऱ्या पोरापोरींच्या सिनेमांची फक्त सुरुवात दाखवायचे आणि ऐन रंगात प्रोजेक्टर बंद करायचे. तुझी किती चडफड व्हायची! मोठ्या भावाच्या चपला घालून शाळेत निघालेला तो पोरगा आठवतो? आणि आरशावर तोंडाची वाफ सोडून त्यावर नाव लिहिणारी ती मुलगी? दोघंही तोंडातून शब्द काढत नाहीत. सर म्हणायचे, पोराला काय हवंय ते पहिल्या दृश्यात कळलं पाहिजे, पण त्यानं ते बोलून दाखवलं की दृश्य मेलं. त्या चर्चेच्या नादात माझी गावाकडची, रिठदची बस कितीदा चुकली असेल. ते दिवस मला फार आवडायचे.

पण सरांच्या नियमात एक गोष्ट राहून गेली असं मला आता वाटतं. त्या पोरांपुढे अजून दीड तास होता. हवं ते मिळवायला, निदान मागायला. माझ्यापुढे नव्हता.

शूटिंगचा दिवस तुला लख्ख आठवत असेल. आमच्याच घरात मुलगी पाहण्याचा कार्यक्रम मांडलेला. मी मुलगी, बाबा मुलीचे वडील, आणि मुलाची आई म्हणून शेजारी माहेरपणाला आलेल्या प्रयागबाई. त्यांची अट एकच होती. "खोटी ओटी भरत नसतात बाई. म्या भरीन त खरीच भरीन." आपण दोघी खूश. खरं कुंकू, खरा नारळ, खरं ब्लाउजपीस, पडद्यावर किती छान दिसेल! तीन टेक झाले आणि माझी तीनदा ओटी भरली. आपल्याकडे चारचौघांत भरलेली ओटी म्हणजे काय, हे आपल्या डोक्यातच आलं नाही. सिनेमाचं भूत असं बसलं होतं.

पुढचं तुला माहीत आहे तेवढं असं, की प्रयागबाईंना मी आवडले, आठ दिवसांनी त्या आपल्याच मुलाचं स्थळ घेऊन आल्या, आणि ओटी भरलेली पोर दुसरीकडे कशी द्यायची म्हणून बाबांनी होकार दिला. मे महिन्यात लग्न. "माझ्या सिनेमानं तुझं जमवलं," असं सांगत तू मांडवात मिरवत होतीस. मीही हसले होते.

वैजू, स्थळ आठ दिवसांनी आलं नव्हतं.

दुसऱ्या टेकनंतर तू अंगणात बॅटरी बदलत होतीस. मी स्वयंपाकघरात कप विसळत होते. ओसरीवर प्रयागबाई बाबांना म्हणाल्या, "पोरगी मले पटली, रामकिसनभाऊ. आता तिसऱ्यांदा भरतो ते आमच्या हरीओमच्या नावानं भरतो."  बाबा म्हणाले, "भरा."

मी ट्रे घेऊन बाहेर आले. तू ॲक्शन म्हणालीस. मी ट्रे ठेवायचा आणि खिडकीकडे पाहायचं, एवढंच ठरलेलं होतं. मी बाबांकडे पाहिलं आणि म्हटलं, "बाबा, मले नाही कराचं लग्न. मले शिकाचं हाय." तुझा कॅमेरा हलला तो तिथंच. तू मला नंतर विचारलंस, एवढं खरं कसं केलंस गं? मी सांगितलं, सुचलं म्हणून. तुझ्यापाशी खोटं बोलले, कारण तू फार आनंदात होतीस.

तू कट म्हणताच सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रयागबाईंनी माझ्यावरून बोटं मोडून दृष्ट काढली. पहिल्या दोन टेकमध्ये मी गप्प होते हे बाबांनी समोर बसून पाहिलं होतं. त्यांना कळलं. त्यांनी बशी खाली ठेवली आणि सगळ्यांच्या मागून त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

इथं मला कोणी मारत नाही, उपाशी ठेवत नाही. परीक्षेला बसवू म्हणाले होते, तो विषय आता कोणी काढत नाही. तू बाबांना दिलेला तो तिसरा टेक ह्यांनी लग्नाच्या व्हिडिओला सुरुवातीला जोडून घेतलाय, साक्षगंध म्हणून, तुमच्या पुण्यातला साखरपुडा. पाहुणे आले की लावतात. माझ्या वाक्यावर व्हिडिओवाल्यानं सनई घातलीय. माझं तोंड हलतं आणि सनई वाजते, आणि मी पाहुण्यांसाठी पोहे भिजवत असते.

तेव्हा आता माझा आवाज फक्त तुझ्याकडे आहे. सरांच्या नियमानं दृश्य मरत असेल, कॅमेरा हललेला दिसत असेल, त्या वाक्यापायी तुझं बक्षीसही जाईल. तरी मागते. ते काढू नकोस. जन्मात एकदाच मी बाबांना नाही म्हटलं, आणि ते अभिनय नव्हतं, एवढं कुठंतरी राहू दे.

उत्तर फोनवर पाठवू नकोस.

तुझ्या सिनेमात काम न केलेली,
साधना