समुद्र दहा वाजता मागे जातो

३ फेब्रुवारी
चिरंजीव येऊन गेले. पुन्हा तेच. आई, आता एकटी राहू नकोस, आमची मागची खोली रिकामी आहे. मी म्हटलं, मागच्या खोलीत अडगळ ठेवतात. मग पैजच लावली. शाळेतल्या दोघी मैत्रिणींना घेऊन समुद्रातला किल्ला बघायचा आणि त्याच दिवशी परत यायचं. कोणाची मदत न घेता. जमलं तर खोलीचा विषय कायमचा बंद. तो बरं म्हणाला. सूनबाई नुसत्या हसल्या.

५ फेब्रुवारी
निश्चय: रोज जिना चढायचा. गुडघ्याला शिस्त लागली पाहिजे. आज सगळे मजले चढले. लिफ्ट बंद होती.

६ फेब्रुवारी
लिफ्ट सुरू झाली. गुडघ्याला विश्रांतीही हवीच.

९ फेब्रुवारी
मॉनिटरचा फोन. आठवीत वर्गाची मॉनिटर झाली, ते पद अजून सोडलेलं नाही. किल्ल्यापर्यंतची वाट फक्त ओहोटीला उघडी पडते, ओहोटी कधी आहे ते बघितलंस का, म्हणाली. त्यात बघायचंय काय? शाळेच्या सहलीला सिस्टरने आम्हाला बरोबर दहा वाजता किनाऱ्यावर उभं केलं होतं आणि समुद्र मागे गेलेला होता. बूट हातात, मोजे खिशात, दोघीदोघींच्या रांगेत चालत गेलो. सिस्टरपुढे बिशपसुद्धा वेळेवर यायचे, समुद्राची काय बिशाद.
मॉनिटर म्हणते, ओहोटीची वेळ रोज बदलते. भूगोलात तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडायचे. तेच अजून ऐकवते.

१२ फेब्रुवारी
सूनबाईंनी फोनवर भरती-ओहोटीचा तक्ता पाठवलाय. उघडला नाही. मी त्या समुद्रात उभी राहिलेली बाई आहे. तिच्याकडे नुसता मोबाइल आहे.

१७ फेब्रुवारी, सकाळी, टॅक्सीत
हवा छान. दुसरी मैत्रीण चिमणी. नाव शाळेतलं, हल्ली तिला मागची जवळजवळ सगळी सीट लागते. तिघींनी मिळून शाळेची प्रार्थना म्हटली. तिसरं कडवं कोणालाच आठवेना. चिमणी म्हणाली, तेव्हा तरी कुठे येत होतं, आपण नुसते ओठ हलवायचो.

त्याच दिवशी, दहा वाजता
वाट दिसत नाही. वाटेच्या जागी समुद्र आहे.

थोड्या वेळाने
मागे जातोय. तो काळा खडक मघापेक्षा जास्त दिसतोय, असं मी दोघींना दाखवलं. चिमणी म्हणाली, कुठला खडक? मॉनिटरने घड्याळ पाहिलं. तिचं ते घड्याळ पाहणं मी आठवीपासून ओळखते.

दुपारी
सँडविच संपली. तिघी बाकावर. चिमणी म्हणते, घरी जाऊ या. मी म्हटलं, जिला जायचंय तिने खुशाल जावं. कोणी उठलं नाही. ड्रायव्हर झोपलाय.

नंतर, किल्ल्यात
समुद्र तीनच्या सुमारास मागे गेला. उशीर त्याला झाला, मी वेळेवर होते. बूट हातात घेऊन निघालो. गुडघ्याने वाटेत तक्रार केली नाही, निदान मी तरी ऐकली नाही.
किल्ला पूर्वीपेक्षा लहान झालाय. पण तो बुरूज आहे. इथेच वाऱ्याने सिस्टरच्या डोक्यावरचं कापड उडायला लागलं होतं, तिने ते दोन्ही हातांनी धरलं आणि खळखळून हसली. त्याआधी तिला हसताना कोणी पाहिलं नव्हतं. त्याच जागी बसलो. मॉनिटर म्हणाली, उठा, वाट बुडेल. मी म्हटलं, बाई गं, आज तरी शिट्टी फुंकू नकोस. तेवढ्यात चिमणीला रडू आलं. मग आणखी थोडं बसणं भागच होतं.

१८ फेब्रुवारी
आम्ही अडकलो होतो असं चिरंजीवांचं म्हणणं. अडकलो वगैरे नव्हतो. चारी बाजूंनी पाणी होतं आणि आम्ही मध्ये होतो, इतकंच. किल्ला बांधला त्यांनी तो याचसाठी बांधला होता.
मॉनिटरने माझ्या नकळत चिरंजीवांना फोन केला. किल्ले फितुरीने पडतात, हे आम्ही दोघी एकाच बाकावर बसून शिकलो होतो. तो अंधार पडायच्या आत होडी घेऊन आला. पँट मांडीपर्यंत भिजलेली. होडीत चिमणीला उलट्या झाल्या, बाकी प्रवास छान.
तरी पैज माझीच. जायचं आणि परत यायचं, असं ठरलं होतं. गेले, आले. मदत मी मागितलेली नाही.

२१ फेब्रुवारी
चिरंजीव आले. वादाची पूर्ण तयारी केली होती, मुद्दे पाठ होते. तो बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, आई, तू जिंकलीस. तुला सांभाळणं आमच्याच्याने व्हायचं नाही. तू इथेच राहा, मी पुन्हा विषय काढणार नाही. मागच्या खोलीत सूनबाईंची आई येतेय राहायला.
मी म्हटलं, उत्तम.
दारापर्यंत सोडायला गेले तेव्हा सहज विचारलं, त्या खोलीत सकाळचं ऊन येतं का रे? येतं, म्हणाला. पलंगापर्यंत येतं.
बरंच झालं. मला सकाळचं ऊन सोसत नाही.