दोन हजार शेंगा, टोक वर

६ जानेवारी

लावल्या! दोन हजार शेंगा, एका दिवसात, सरळ रांगेत. दोरी मीच आखून दिली — म्हणजे बांधावर खुर्ची टाकून बसलो आणि ओरडलो. गुडघ्यांमुळे चिखलात उतरता येत नाही, पण आवाज अजून शाबूत आहे.

खारफुटीची शेंग थेट पेन्सिलीसारखी. एका बाजूला टोपी, दुसरीकडे टोक. कशी रोवायची यावर चिखलात उभं राहून कुजबुज चालली होती. यात चर्चा करण्यासारखं काय आहे? चाळीस वर्षं वर्गात सांगत आलो, पेन्सिल उभी ठेवायची तर टोक वर, म्हणजे मोडत नाही. खेकडेवाली म्हणाली, “सर, टोक खाली जातं बहुतेक.” बहुतेक! मी विचारलं, बहुतेक म्हणजे किती टक्के? तिने हातातली शेंग फिरवून टोक वर केलं. पोरगी हुशार होती, पण सहावीत एकाएकी शाळा सोडली आणि खेकडे पकडायला लागली. का सोडली ते कधी कळलं नाही.

बाकीचेही सगळे माझेच विद्यार्थी. दोन हजार टोकं आभाळाकडे. पाहून डोळे निवले.

७ जानेवारी

वनखात्याच्या कार्यालयाचं पत्र आलं. मे महिन्यात तपासणी. निम्मी रोपं जगली तर किनारा गावाकडे राहील, नाहीतर भराव घालून गोदामं. भराव पडला की खालच्या आळीचं काही खरं नाही. आत्ताच मोठ्या भरतीला तिथे घरात घोट्यापर्यंत पाणी असतं.

आणि ते माझ्यामुळे. इथे लिहायला हरकत नाही, ही वही कुणी वाचत नाही. तीस वर्षांपूर्वी शाळेसमोरची खारफुटी मीच तोडायला लावली. वर्गातून समुद्र दिसावा म्हणून! मुलांच्या हातात कोयते दिले, आठवडाभरात सगळं साफ. एक मूल कुरकुरलं नाही, याचं तेव्हा केवढं कौतुक वाटलं होतं. मी तोडली, आता मीच लावणार.

९ जानेवारी

एक शेंग अंगणातल्या टबात लावली. स्वतःच्या हाताने, टोक वर. साहेबांना दाखवायला आदर्श नमुना! रोज पट्टीने मोजणार. आजची उंची: अकरा सेंटिमीटर.

१५ जानेवारी

हिला फिरायला जायचं खूळ लागलं आहे. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे कधी पायी गेली नाही. आता रोज! आणि वेळेला काही धरबंध? परवा सातला, काल पावणेआठला, आज साडेआठ वाजून गेल्यावर. रोज पाऊण तास पुढे. म्हटलं, व्यायामाला ठरलेली वेळ हवी. तर म्हणे चंद्र बघून जाते. दिवसाढवळ्या! येते ती गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून. तिच्या वयाला हे शोभत नाही, पण बोललो नाही.

नमुना: अकरा.

२२ जानेवारी

बांधावर जायला निघालो, तर न्हाव्याने हाताला धरून दुकानात बसवलं. दोन तास! माझ्या डोक्यावर उरलेत किती? तो एकेक केस वेगळा काढून कापत होता. मधूनच खिडकीतून समुद्राकडे बघायचा आणि म्हणायचा, अजून ओहोटी आहे सर, बसा. केसांचा आणि ओहोटीचा काय संबंध, विचारलं. म्हणाला, नवीन पद्धत आहे.

दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही. रस्त्यावर चिटपाखरू नाही. गाव गेलं कुठे?

२९ जानेवारी

लाटांनी शंभरेक शेंगा उपटून नेल्या. नव्या आणवल्या, पुन्हा बांधावर बसून लावून घेतल्या. टोक वर. न्हावी तेवढा म्हणाला, “सर, केस वाढलेत, उद्या या.” जेमतेम आठवडा झाला!

औषधाच्या दुकानातलं कंबरेचं मलम संपलं आहे. सगळ्या गावाची कंबर एकदम धरली. हवा बदलली की होतं असं.

३ फेब्रुवारी

तपासणीचा फॉर्म भरून पाठवला होता, तो परत आला. त्यात रकाना आहे: रोपांना पाणी दिले का? मी लिहिलं, होय, दिवसातून दोनदा, समुद्राने. त्यावर लाल शेरा — पाणी देणाऱ्याची सही नाही.

गावाच्या लागवड समितीची बैठक घेतली. दीड तास काथ्याकूट. शेवटी समुद्राच्या वतीने न्हाव्याने सही केली. हुद्दा या जागी काय लिहायचं यावर पुन्हा अर्धा तास गेला.

२० फेब्रुवारी

पानं! बांधावरून दुर्बिणीने पाहिलं, प्रत्येक शेंगेच्या वरच्या अंगाला दोन-दोन हिरवी पानं. खेकडेवालीला मुद्दाम बोलावून दुर्बीण दिली आणि तिच्या ‘बहुतेक’ची आठवण करून दिली. म्हणाली, सर, तुमच्यामुळेच झालं. चूक कबूल करणं हा मोठा गुण आहे. सहावीपर्यंतच होती माझ्याकडे, पण काहीतरी रुजलं म्हणायचं.

नमुना: अकरा. टबातली माती हलकी असावी.

११ मार्च

नमुना: साडेदहा. पट्टी बदलली.

१२ मार्च

नव्या पट्टीनेही साडेदहा.

१० एप्रिल

हिची कंबर आता सरळ होत नाही. म्हटलं, फिरणं पुरे. म्हणाली, मोठ्या भरतीने रांगा हलल्यात, आणखी थोडे दिवस. रांगांचा आणि हिच्या फिरण्याचा संबंध मला लागला नाही. मलम मी लावून दिलं.

१६ मे

तपासणी झाली. साहेब तरुण, पायात गमबूट, मनाने चांगला. चार तास मोजलं. दोन हजारांत चौदाशे तीस जिवंत! बांधावरच कागदावर सही केली. किनारा गावाचा! खालच्या आळीतली म्हातारी माणसं रडली. मीही रडलो, लपवत नाही.

इथे थांबलं असतं तर बरं होतं. पण साहेब म्हणाले, इतर गावांत दहातली एकसुद्धा जगत नाही, तुम्ही लावता कशी ते दाखवा. मी म्हटलं, आमच्या घरचा नमुना आणा. ही म्हणाली, “टब कशाला आता?” न्हावी म्हणाला, चहा घेऊ आधी. मी ऐकलं नाही. टब आणवला आणि सगळ्यांसमोर शेंग उपटून हातात धरली.

वरचं टोक वाळलेलं. त्याला हवेत लोंबणारी मुळं — चार-पाच धागे, सुकून काळे पडलेले. आणि खाली, चिखलातल्या बाजूला, पांढुरका कोंब. वाकून, वळून वर यायला बघत होता.

मी मान वर केली. अख्खं गाव आपापल्या पायांकडे बघत होतं, गृहपाठ न केलेल्या वर्गासारखं. चंद्र, केस, मलम, सगळ्याची एकदम बेरीज झाली.

साहेबांना म्हटलं, “अशी लावायची नाही. टोक खाली.” मग खेकडेवालीकडे बोट दाखवलं, पुढचं ही सांगेल म्हणालो. ती बराच वेळ बोलली. एकदाही बहुतेक म्हणाली नाही.

घरी येऊन हिला विचारलं, कधी उलटवल्या? म्हणाली, पहिल्या पंधरा-वीस दिवसांत, ओहोटी असेल त्या वेळेला. मग तुम्ही नव्या लावून घ्याल तशा. टबातली तेवढी राहिली, तुम्ही पट्टी घेऊन तिच्यापाशीच असायचात.

“मला सांगायचं होतं ना सरळ.”

“तुम्हाला सांगण्यापेक्षा दोन हजार शेंगा उलटवणं सोपं होतं.”

बेचाळीस वर्षांत घरातलं असं आणखी काय काय माझ्यामागे सुलट करून ठेवलंस, विचारलं. ती म्हणाली, जेवून घ्या आता.

१७ मे

दिवसभर कुणाला तोंड दाखवलं नाही. न्हावी येऊन दारातून परत गेला.

टबातली शेंग पुन्हा लावली. टोक खाली. मोजली नाही.

१९ मे

खेकडेवालीच्या घरी गेलो. आयुष्यात पहिल्यांदा. विचारलं, शाळेसमोरची झाडं तोडायला नेलं, तेव्हा तुम्हा मुलांपैकी एकालाही काही वाटलं नव्हतं का गं?

ती जाळं सोडवत होती. म्हणाली, “मी हात वर केला होता, सर. तुम्ही मला वर्गाबाहेर उभं केलंत. मग मी तशीच घरी गेले.”