वरच्या बाकावरची बढाई

रौतावारा,
१९ ऑक्टोबर १९९६

ती. साइमीताईस,
ओइवाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. बटाटे तळघरात गेले, तळ्याच्या कडेनं बर्फ धरायला लागलाय, आणि तुझा भाऊ गावात हिरो झालाय. कसा ते ऐक. काल एल्क हरणाच्या शिकारीहून आल्यावर आमची अख्खी टोळी वाफ घ्यायला आमच्याच सौनात घुसली. शेजारचा एस्को दरवर्षी वरच्या बाकावर सगळ्यांत शेवटपर्यंत बसतो आणि मग वर्षभर ऐकवतो. काल मी भट्टीला खेटून बसलो आणि तापल्या दगडांवर पाणी ओततच राहिलो. शेवटी एस्को लालबुंद होऊन, मला शिव्या घालत थेट तळ्यात पळाला. मी आपला निवांत! बाहेर आलो तर तुझी भावजय राइली किंचाळलीच. डाव्या पोटरीवर तळहाताएवढा फोड. पाय भट्टीच्या कठड्याला टेकला होता म्हणे. मला पत्ताच नाही. पंचावन्नाव्या वर्षी कातडी गेंड्याची झाली, दुसरं काय!

तू विचारशीलच, म्हणून आधीच सांगून टाकतो. यंदाही पाठीच्या तपासणीला कुओपियोच्या इस्पितळात गेलो नाही. तारीख नेमकी शिकारीच्या आठवड्यात आली. गेल्या वर्षीही तसंच झालं. शिकार सोडून कोण त्या स्कॅनच्या नळकांड्यात जाऊन पडेल? गाठ काढून नऊ वर्षं झाली, ताई. आता ती विसरली मला, तूही विसर.

राइली तुझी आठवण काढते. लोभ आहेच, बोलणीही येऊ देत.

तुझा,
ओइवा

---

तुर्कू,
२३ ऑक्टोबर

चि. ओइवास,
अ. उ. आ.

आशीर्वाद आधीच घेऊन ठेव, कारण पुढे नुसत्या शिव्या आहेत. फोन केला असता तर तू हवापाण्याचं बोलून ठेवून दिला असतास, म्हणून लिहिते.

अरे गाढवा, कातडी भाजते आणि कळत नाही याची बढाई मारतोस? नऊ वर्षांपूर्वी बर्फ फोडून तळ्यात उतरलास, आणि एका पायाला पाणी कोमट लागतंय म्हणून हसलास. आम्हीही हसलो. सहा महिन्यांनी तुझ्या मज्जारज्जूतून गाठ निघाली. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं की ही फार हळू वाढते, म्हणूनच आयुष्यभर डोळा ठेवायचा. हे सगळं एल्कच्या मागे धावताना विसरलास का? तू सौनात जिंकला नाहीस, ओइवा. तुला चटका कळलाच नाही.

पत्र वाचून झालं की राइलीला डोळे बांधायला सांग. एक चमचा गरम पाण्यातला, एक गार पाण्यातला. पायाला लावून कुठला कुठला ते सांगून दाखव. सांगता आलं तर मी तुझी माफी मागेन.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

काळजीत,
साइमीताई

---

रौतावारा,
१६ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

माफी मागायची गरज नाही. डाव्या पायाला दोन्ही चमचे सारखेच लागले. तरी मी अंदाजानं गरम, गार असं म्हणत होतो. राइलीनं चमचा माझ्या डोक्यात घातला आणि रडायला लागली. दुसऱ्या दिवशी तिनंच गाडी काढली आणि मला कुओपियोला नेलं.

तर ऐक. जुन्या जागी गाठ पुन्हा आली आहे, घेवड्याच्या बीएवढी. आणि खाली, कण्याच्या शेवटाकडे, तिनं आणखी दोन दाणे पेरलेत. मोठं दुखणं हत्तीच्या पावलानं येतं म्हणतात, हे मेलं मुंगीच्या पावलानं आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वरची काढू, पण पाय आणखी लुळा पडू शकतो. थांबलात तर आज ना उद्या तो जाणारच, आणि गेलेलं परत येत नाही.

मला उन्हाळ्यापर्यंत थांबायचंय. हिवाळाभर स्की करू दे, आणखी एकदा रान पालथं घालू दे. इतकी वर्षं हळू वाढली, सहा महिन्यांनी काय बिघडतंय? रात्री झोप लागत नाही. उठून अंगणात चालत बसतो, चालता येतंय ना ते बघायला. तू नुसतं लिही, थांब म्हणून. राइली तुझं ऐकेल.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
ओइवा

---

तुर्कू,
२० नोव्हेंबर

चि. ओइवास,
अ. उ. आ.

तुला हवं ते पत्र मी लिहिणार नाही. हळू वाढते म्हणून तर तू दोन वर्षं फसलास. आता अजून सहा महिने तिला आंदण द्यायचे? मला लंगडा भाऊ चालेल, ओइवा. खुर्चीतला चालेल. राइलीलाही चालेल, फक्त ती तुझ्यासमोर बोलत नाही. मीही कधी बोलले नाही, आपल्या घरात कुणाला सवयच नाही. पण तुझ्याशिवाय मला करमायचं नाही, हे एकदाचं लिहून टाकते.

तारीख घे. मी येते, आणि तू आत असशील तेवढा वेळ राइलीजवळ बसते.

हट्ट सोड, एवढंच मागणं.

साइमीताई

---

रौतावारा,
२ फेब्रुवारी १९९७

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घरी आलोय. वरची गाठ निघाली. खालचे दाणे चिकटून बसलेत, त्यांच्यासाठी किरणोपचार, आणि मग दर सहा महिन्यांनी तपासणी. किती वर्षं असं विचारलं, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आहात तोवर. डावा पाय उचलवत नाही. ओढत ओढत चुलीपर्यंत जातो.

तुला एकटीला सांगतो. निघताना मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, पहिली तारीख चुकवली तेव्हाच आलो असतो तर? त्यांनी आडपडदा ठेवला नाही. पाय बहुतेक वाचला असता, म्हणाल्या. राइलीला मी सांगितलं की काही फरक पडला नसता. दोन्ही वर्षं तिनं माझी बॅग भरून दारात ठेवली होती, आणि मी ती रिकामी करून काडतुसं भरली. तिला खरं कळलं तर ती स्वतःलाच दोष देत कोसळेल, की आपण बॅग का हिसकून घेतली नाही म्हणून. दिवसभर तिच्यासमोर हसतो. दमलोय गं.

हे पत्र जाळ. माझी आठवण ठेव.

ओइवा

---

तुर्कू,
७ फेब्रुवारी

चि. ओइवास,
अ. उ. आ.

पत्र जाळलं नाही. बाकीचं ऐक, आणि बसून वाच.

राइलीला माहीत आहे. तू आत टेबलावर होतास त्या दिवशी तिनं बाहेर डॉक्टरांना तोच प्रश्न विचारला, मी शेजारीच होते. तिला तेच उत्तर मिळालं. ती गाडीत बसून तासभर रडली, आणि मग माझा हात धरून म्हणाली, ओइवाला कळू देऊ नका, तो स्वतःला खाईल. मी शब्द दिला. आज मोडते.

तू तिला खोटं सांगितलंस तेव्हा ती बरं वाटल्यासारखं हसली असेल ना? तेवढ्यासाठी तिला किती बळ आणावं लागलं असेल! एका घरात दोघं तेच दुःख एकमेकांपासून लपवत बसलायत, आणि मी दोघांचीही साक्षीदार.

आज संध्याकाळी तिला सांग. रडेल, तुला शिव्या घालेल, घालू दे. दाणे तिथेच आहेत, ओइवा, आणि तपासण्या जन्मभराच्या. एवढी वर्षं समोरासमोर बसून हसणं तुम्हा दोघांनाही झेपायचं नाही.

माझ्यावरचा लोभ थोडा कमी झाला तरी चालेल. तिला मात्र जवळ घे.

साइमीताई