सात ओळींचा जबाब

बुधवार, १४ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा नमस्कार पोचावा.

इकडे सगळे ठीक आहोत. थंडीत आईचा गुडघा धरला होता. आता ती जिना उतरून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाते आणि दुकानदाराशी भांडूनही येते, म्हणजे तब्येत सुधारली असं समजायला हरकत नाही. तुझ्या भाचीचे पुढचे दोन दात पडलेत, 'स' म्हणताना शिट्टी वाजते. तू आईला फोन करतेस आणि मी खोलीत आलो की ठेवतेस, हे मला कळतं. त्याबद्दल तक्रार नाही.

माझं काम जोरात चाललंय. तिसऱ्या मजल्यावर मला वेगळी खोली दिलीय. कार्ड लावल्याशिवाय दार उघडत नाही, फोन बाहेरच्या कप्प्यात ठेवायचा. खिडकी आहे, पण उघडणारी नाही. सगळे म्हणतात, नशीबवान आहेस, स्वतंत्र खोली मिळाली.

शनिवार

वरचं लिहून तीन दिवस कागद पिशवीत घेऊन फिरतोय. काल जेवताना बायको म्हणाली, "तू रोज ताईंबद्दल काहीतरी सांगायला तोंड उघडतोस आणि मीठ मागतोस. जेवण खारट व्हायला लागलंय." तेव्हा आज सांगतो.

आधी माझं काम नेमकं काय ते ऐक. तू कधी विचारलंस की मी "कॉम्प्युटरचं" म्हणून मोकळा व्हायचो. पेशंटच्या शिरेत थेंबाथेंबाने औषध सोडणारा पंप असतो ना, त्याचा प्रोग्राम आमच्याकडे कुणी हाताने लिहीत नाही. डॉक्टर आणि अभियंते मिळून पंपाच्या वागण्याची आकृती काढतात. चौकट म्हणजे पंपाची एक अवस्था, बाण म्हणजे एका अवस्थेतून दुसरीत जाणं. त्या आकृतीचा प्रोग्राम एक यंत्रणाच बनवते. हे रूपांतर कसं व्हायला हवं त्याच्या अटी मी लिहितो, आणि आकृतीत जे आहे ते प्रोग्राममध्ये तसंच उतरलं की नाही ते तपासतो. तपासून झालं की खाली सही करतो. तीन वर्षांपूर्वी तुमच्या हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या पंपांच्या कागदावर सही केली ती मीच.

त्या आकृतीत 'जोडलेला' नावाची एक मोठी चौकट आहे. तिच्या पोटात दोन लहान: 'औषध चालू' आणि 'थांबवलेला'. प्लग काढला की पंप बॅटरीवर जातो, परत लावला की मोठ्या चौकटीत परततो. आकृतीत स्पष्ट खूण होती की आधी ज्या लहान चौकटीत होता तिथेच परत यायचं. माझी अट एवढीच होती की परतीचा प्रत्येक बाण मोठ्या चौकटीत पोचला पाहिजे. ते सिद्ध झालं, आणि ते खरंही होतं. पोटातल्या कुठल्या चौकटीत, हे मी विचारलंच नाही.

जानेवारीत आमच्याकडे एक नवीन मुलगी लागली. आकृती बघून तिने सहज विचारलं, "परत येताना नक्की कुठे येतो हो हा?" मी म्हणालो, जिथे होता तिथे. ती म्हणाली, "ते कुठे लिहिलंय?" तिला दाखवायला म्हणून मी ती अट घातली आणि तपासणी चालवली. अट मोडत असेल तर कशी मोडते ते यंत्रणा पायरी पायरीने दाखवते. सात ओळी आल्या. पंप जोडला. औषध चालू. नर्सने 'थांबवा' दाबलं. पंप थांबला. प्लग काढला. प्लग लावला. औषध चालू.

ताई, तो तुझा जबाब होता. चौकशीत तू हेच सांगितलंस. त्या सुतारकाकांना स्कॅनला न्यायचं म्हणून पंप थांबवला, प्लग काढला, खालच्या खोलीत परत लावला, बटणाला हात लावला नाही. समितीने म्हटलं, पंपाच्या नोंदीत तो पुन्हा सुरू झालेला दिसतो, म्हणजे कुणीतरी बटण दाबलंच. आमच्या कंपनीनेही लिहून दिलं की बटण दाबल्याशिवाय हा पंप सुरू होऊच शकत नाही. त्या पत्राला माझी तपासणी जोडलेली होती. जास्तीचं औषध गेल्याने काकांचं बोलणं कायमचं अडखळलं आणि तुला वॉर्डातून काढून चादरींच्या कोठारात बसवलं.

तेही एक वेळ सोड. तू घरी आलीस, ओट्याला टेकून उभी राहिलीस आणि माझ्याकडे बघून म्हणालीस, "तुला तरी पटतंय ना?" मी म्हणालो, "यंत्र चुकत नाही गं. सलग दुसरी पाळी होती तुझी, दमली असशील." आई गप्प बसली, कारण यंत्रातलं मला कळतं. तू पाणीही न पिता गेलीस.

त्या सात ओळी घेऊन मी आमच्या विभागप्रमुख बाईंकडे गेलो. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाल्या, "छान सापडलं. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू." मी म्हणालो, एक चौकशी झालीय, एका नर्सचं... त्या म्हणाल्या, "खाली सही कुणाची आहे?" आवाज चढवला नाही. दुसऱ्या दिवशी मला ती खोली मिळाली. तेव्हापासून रोज तिथे बसून मी माझीच चूक पुसतोय. दुरुस्ती झाली की जुनं काही उरणार नाही. नोकरी सोडली तर करारामुळे दोन वर्षं या कामाला हात लावता येत नाही, आणि दुसरं काही मला येत नाही. संध्याकाळी कार्ड लावून दार उघडतं, तरी बाहेर आल्यासारखं वाटत नाही. नऊ आठवडे मी गप्प बसलो. तू कोठारात चादरी मोजत होतीस आणि मला माहीत होतं.

दुरुस्त पंप पोचायला अजून दोन महिने आहेत. तोवर जुनेच चालू राहणार. म्हणून हे पत्र मिळताच वॉर्डातल्या मुलींना सांग, प्लग परत लावला की पडद्याकडे बघा, थांबवलेला पंप थांबलेलाच आहे ना. तुझं ऐकणार नाहीत असं वाटलं तर हे पत्र दाखव.

फाइल बाहेर नेता येत नाही. सात ओळी पाठ करून घरी लिहून काढल्या. एक प्रत माझ्या निवेदनासोबत पंपांना परवानगी देणाऱ्या कार्यालयाला आज सकाळी रजिस्टर पोस्टाने पाठवली. दुसरी आणि पोस्टाची पावती यासोबत आहे. आईला मघाशी सांगितलं. ती म्हणाली, "तिला आधी सांगायचं होतंस." एवढंच.

सोमवारी पुन्हा त्याच खोलीत जायचंय. काय होईल ते कळवीन. तू उत्तर दिलंच पाहिजेस असं नाही. माफी मागायला तोंड नाही, म्हणून जे झालं ते फक्त लिहिलं. तू पंप थांबवला होतास.

घरच्या पत्रात मी कधी पूर्ण सही करत नाही. आज करतोय. हा कागद कुणी तुझ्याकडे मागितला, तर पुरावा म्हणून चालला पाहिजे.

तुझा भाऊ,
त्या पंपाच्या तपासणीवर सही करणारा
(पूर्ण सही, तारीख १७ मार्च)