आरशाचं बारावं पान

बाबा,

नाट्यगृहातल्या जुन्या आरशाच्या चौकटीवरच्या नक्षीचं बारावं पान निघालं एकदाचं! तुम्ही सांगत होतात तसा साचा मेणबत्तीवर धरून आतून काळा केला, तापवला आणि मग कथील ओतलं. शीर न् शीर उमटली. चार दिवस तुमचं ऐकलं नाही, वर ‘हात थरथरतो तर लुडबुड कशाला?’ असं तोंड वर करून म्हणाले. चुकलंच माझं.

कथील दुधाच्या पातेल्यात वितळवलंय. त्यात चहा ठेवू नका, नवं आणते.

मी चौकट पुसायला पुढे जातेय. पानं टेबलावर आहेत, तुमची अकरा आणि माझं एक. माझं कुठलं, ते मलाच ओळखू येईना! बाराही घेऊन या. शेवटचं तुम्हीच बसवायचं. हात थरथरला तर मी धरीन.

तुमची आगाऊ लेक